कुंडीतलं विरजण

त्रेचाळिसावी कुंडी उपडी करायच्या आधीच रुचिता परबला वास आला. स्नेक प्लांट कुजायला लागलं की पानं वरून शहाण्यासारखी ताठ दिसतात, आणि बुंध्याशी बोट लावावं तर ते सरळ आत जातं. तिने बोट लावलं. ते आत गेलं. वास नासक्या बटाट्याचा होता. तिने वहीत लिहिलं, 'त्रेचाळीस. कोकोपीट दोन वाटे, लाल माती एक, शेणखत एक. वीज उत्तम. झाड मेलं.' आणि कुंडी खताच्या खड्ड्यात रिकामी केली.

बेचाळिसाव्या कुंडीचं नेमकं उलट झालं होतं. पर्लाइट, जाडी वाळू आणि कोळशाचे तुकडे यांत झाड इतकं मजेत होतं की त्याला शेजारी पिल्लू फुटलं. विजेचा काटा मात्र जागचा हलला नाही.

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये सन २०४१ चं अख्खं वर्ष याच खेळात चाललं होतं. तिथे दरडघंटी बनत होती. डोंगरात पुरलेले संवेदक जमीन सरकायला लागली की हाक देतात, आणि ती हाक पायथ्याच्या घराघरांत ऐकू जावी म्हणून ही घंटी. संवेदक तयार होते, घंटी तयार होती. अडचण होती ती घरात वीज नसण्याची. दरड कोसळते नेमकी अशा दिवसांत, जेव्हा चार-चार दिवस तारा तुटलेल्या असतात, सौर पॅनेलला ऊन दिसत नाही आणि कपाटातल्या बॅटरीला बुरशी आलेली असते. मग अशी वीज कुठून आणायची, जी घराच्या काळोख्या कोपऱ्यात, कुणी लक्ष न देता, वर्षानुवर्षं तयार होत राहील?

उत्तर कुंडीत होतं. झाड उन्हातून साखर बनवतं आणि त्यातली थोडी मुळांतून मातीत सोडतं. मातीतले काही जिवाणू ती साखर खातात. आपण जेवतो तेव्हा अन्नातले इलेक्ट्रॉन शेवटी श्वासातल्या ऑक्सिजनला देऊन मोकळे होतो. या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून ते आपले इलेक्ट्रॉन शेजारच्या लोखंडाच्या गंजावर टाकतात. तिथे कार्बनचं कापड पुरून ठेवलं तर ते कापडावर टाकतात. दुसरं कापड वर, हवा लागेल असं ठेवायचं आणि दोघांना तारेनं जोडायचं. झाला विजेचा झरा. दिवा लागणार नाही त्याच्यावर, पण झोपलेली घंटी जागी ठेवायला तेवढा पुरतो. साठा भरला की घंटी एकदा टणकन वाजून 'मी तयार आहे' असं सांगते.

झाड म्हणून स्नेक प्लांट सगळ्यांनी एकमताने निवडलं होतं. काळोख चालतो, विसरलात तरी चालतं, दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं त्यामुळे पाणीही फारसं लागत नाही. पण गोम इथेच होती. त्या झाडाला कोरडी, मोकळी, हवेशीर माती लागते. जिवाणूंना ओली, कोंदट, बिनहवेची. एका खोलीत दोघे राहतात, एकाला पंखा पाचवर हवा आणि दुसऱ्याला डोक्यावरून गोधडी, अशातली गत. पंधरा डिसेंबरला प्रकल्प तपासायला समिती येणार होती. तोवर माती सापडली तर बारा हजार घरांत कुंड्या जाणार होत्या, नाहीतर सगळा प्रकल्प गुंडाळायचा ठरला होता. आणि माती शोधण्याचं काम होतं रुचिताचं, कारण त्या शेडमध्ये मातीत हात घालायला न लाजणारी ती एकटीच होती.

सप्टेंबरात वडिलांचा फोन आला. आईचा म्हाळ होता, म्हणजे पितृपक्षातलं तिच्या नावाचं जेवण, आणि त्याला लेकीने यावं असं वडिलांचं म्हणणं होतं. वासुदेव परबांचा फोन म्हणजे तीन शब्दांचा. पाच वर्षं बापलेकीत तेवढंच बोलणं होतं.

त्याचं कारण सडा. त्यांच्या देवसड्याच्या वाडीच्या डोक्यावर जांभ्याचं सपाट पठार आहे, त्याला सगळे सडा म्हणतात. त्याच्या कडेला वासुदेवांची चिरेखाण होती. यंत्राने जांभा कापायचा, त्याचे चिरे करून घरांसाठी विकायचे. अर्ध्या तालुक्याच्या भिंती त्यांच्या हातच्या. पण कड कापत कापत खाण वाडीच्या उतारावर आली, दोन विहिरी आटल्या, आणि एका आषाढात उताराला हातभर रुंद भेग पडली. खाण बंद करा असा अर्ज वाडीने केला. अक्षर चांगलं म्हणून तो लिहिला रुचिताने, आणि पहिली सही तिचीच. बापाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. खाण बंद झाली. वासुदेव एका शब्दाने रागावले नाहीत, तेच तिला आजवर जड जात होतं.

म्हाळाच्या दिवशी कावळ्यासाठी पान ठेवायला ती बंद खाणीच्या काठावर गेली. तिथे चिरे कापताना उडालेल्या भुग्याचे आणि कपच्यांचे ढीग होते, वर्षानुवर्षांचे, गवत वाढलेले. आणि त्यातल्या सगळ्यात जुन्या ढिगावर स्नेक प्लांटचं रान माजलं होतं. कुणीतरी कधीतरी फेकलेल्या कुंडीतलं झाड तिथे पसरलं होतं. साडेतीन महिने धो धो पाऊस खाऊन झालेला, आणि पानं कंबरेएवढी, बुंधे टणक.

रुचिताने पान खाली ठेवलं आणि एक झाड उपटलं. मुळं पांढरी, कुरकुरीत. एक कपची फोडली, तर बाहेरून कोरडी आणि आतून ओलीगच्च, भोकाभोकांत काळसर बुळबुळीत थर. तिच्या पिशवीत खिशात मावणारा मीटर कायम असायचा. तिने एक टोक ढिगात खोल खुपसलं, दुसरं वर ठेवलं. आकडा चढायला लागला. तो चढतच राहिला. तिने जागा बदलून पाहिलं, तिथेही तेच. ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ढीग उकरत होती तेव्हा मागे वडील येऊन उभे राहिले.

"कावळो अजून येवक नाय, आणि तू दगड उकरीत बसलंस," ते म्हणाले.

पाच वर्षांतलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. रुचिता हसली आणि तिने त्यांच्याकडे एक गोणपाट मागितलं.

चव्वेचाळिसावी कुंडी सहाव्या दिवशी वाजली. दुपारी जेवणाची सुट्टी होती, डबे उघडलेले होते, आणि कोपऱ्यातून टणकन आवाज आला. आधी कुणाला कळलंच नाही की हे काय वाजलं. मग प्रकल्पप्रमुख डॉ. केतकी अभ्यंकर हातातली पोळी तशीच घेऊन पळत आल्या. त्या पुण्याच्या, एरवी मोजूनमापून बोलणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी रुचिताला मिठी मारली आणि तिच्या पाठीवर भाजीचे डाग पाडले. संध्याकाळपर्यंत शेडमधल्या प्रत्येकीने ती कुंडी एकदा तरी उचलून पाहिली होती.

केतकीबाईंनी एक कपची सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि कोडं उलगडलं. जांभा म्हणजे छिद्रांचा दगड. कपच्यांच्या मधल्या फटींतून पाणी निथळून जातं, तिथे हवा खेळते आणि मुळं खूश. पण प्रत्येक कपचीच्या पोटात पाणी अडून राहतं, तिथे हवा पोचत नाही आणि जिवाणू खूश. वर जांभा लाल असतो तो लोखंडाच्या गंजाने, म्हणजे त्यांच्या आवडीचा. एकाच खोलीत पंखा आणि गोधडी, दोन्ही.

"बारा हजार कुंड्या तुमच्या जुन्या ढिगातून निघतील," केतकीबाई म्हणाल्या. "पण पुढच्या वर्षी अख्ख्या घाटाखाली मागणी येणार, लाखांत. ताज्या दगडाचा भुगा चालतो का, तेवढं पाहून घे. वरून विचारणा आलीच आहे, बंद खाणी किती आहेत म्हणून."

सड्याची कड कापली की उतार सुटतो आणि दरड येते. दरडीची सूचना देणाऱ्या घंटीसाठी आता तीच कड कापायची. रुचिताने जो अर्ज लिहिला होता तो तिच्याच शोधाने फाडला जाणार होता. रात्रभर तिला झोप लागली नाही आणि सकाळी तिने वडिलांना फोन करून ताजा भुगा मागितला. चाचणी तर करावीच लागणार होती. ती नापास व्हावी, एवढंच तिला वाटत होतं.

वासुदेवांनी अंगणातले शिल्लक चिरे फोडून भुगा केला, तीनदा चाळला, पाण्याने धुतला, वाळवला आणि दोन नव्याकोऱ्या गोण्या एसटीने पाठवून दिल्या. गोणीत हात घातला तर रांगोळीसारखा. इतकं कशाला केलंत, असं तिने विचारलं, तर म्हणाले की लेकीने पहिल्यांदा त्यांचा दगड मागितला, तिला काय कचरा पाठवायचा?

तीन आठवडे झाले. साठ कुंड्यांपैकी एकही वाजली नाही. मीटर शून्यावर झोपलेला. कारणही कळलं. जुन्या ढिगाने वर्षानुवर्षं पाऊस खाल्ला होता, त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणूंनी बिऱ्हाडं केली होती. ताज्या दगडाची घरं रिकामी. रुचिताला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली. शास्त्राचं काम करणाऱ्या माणसाने प्रयोग फसल्यावर पेढे वाटायचे नसतात. तिने पेढे घेतले, पण खोलीवर जाऊन एकटीने खाल्ले.

वडिलांना मात्र सांगायला हवं होतं. तिने फोनवर सांगितलं की तुमचा दगड चांगला आहे, पण तो कोरा आहे, त्यात जीव नाही. आई गेल्यापासून वासुदेव घरचं दूधदुभतं स्वतः बघत होते.

"मग विरजण घाल," ते म्हणाले. "नुसत्या दुधाचा दही होता काय?"

त्यांनी ते सहज म्हटलं होतं आणि फोन ठेवूनही दिला. इकडे रुचिता फोन कानाला लावून तशीच उभी राहिली, कारण ऐकताक्षणी तिला कळलं होतं की हे चालणार. जुन्या ढिगातली मूठभर कपची ताज्या भुग्यात मिसळायची, की जिवाणू नव्या घरांत पसरतील. इतकं सोपं. दहा महिने शिकलेली माणसं डोकं खाजवत होती आणि उत्तर फडताळातल्या दह्याच्या भांड्यात होतं.

तिने एकच कुंडी भरली. वहीत नोंद केली नाही. कुंडी कुडाळच्या खोलीवर, मोरीजवळ ठेवली. रोज कामावरून आल्यावर ती आधी तिच्याकडे बघायची आणि वाजू नको, असं मनात म्हणायची. नवव्या दिवशी सकाळी दात घासताना टणकन आवाज आला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला भीतीआधी आनंद झाला, उडी मारावी इतका. मग ती मोरीच्या कठड्यावर बसली आणि रडली.

एक डिसेंबरला समितीसाठी मातीची कृती लेखी द्यायची होती. नुसतं 'जुना भुगा' असं लिहिलं तर ताजा दगडही चालतो हे कुणाला कळणार नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तिने एक गोष्ट न सांगता केली होती आणि ती अजून तिला सलत होती. म्हणून त्या रविवारी ती कुंडी मांडीवर घेऊन एसटीत बसली आणि देवसड्याला जाऊन वडिलांच्या पुढ्यात ठेवली.

"बाबानू, ह्या तुमच्या विरजणान झाला," ती म्हणाली. "ताजो दगड चलता. मी ह्या लिवन दिलंय तर तुमची खाण परत सुरू होतली."

वासुदेवांनी कुंडी फिरवून फिरवून पाहिली.

"तुका व्हयी काय खाण?" त्यांनी विचारलं.

"नको."

"मगे माका कित्याक सांगतंस? गप ऱ्हवलंस तर कोणाक कळाचा?"

"अर्ज लिवलंय तेव्हा तुमका सांगूक नाय. परत तसा करुचा नाय माका."

त्यांनी मान खाली घातली. नाकाचा शेंडा लाल झाला होता, हे तिने पाहिलं. मग त्यांनी अगदी कामाच्या माणसासारखं विचारायला सुरुवात केली. जिवाणूला दगडातलं काय लागतं? नुसतं भोक, की लाल रंगही? भोक केवढं? पाण्यात दगड विरघळला तर चालेल का? कापड खाली किती इंचांवर? रुचिता सांगत गेली. तासभर दोघं त्या कुंडीवर डोकं घालून बसली होती, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण बापाशी गप्पा मारतोय. निघताना त्यांनी कुंडी ठेवून घेतली.

"लिव. लपवू नको," ते म्हणाले. "पण धा दिस थांब."

ती थांबली. एकेक दिवस तिला डोंगराएवढा गेला. केतकीबाई कृती मागत होत्या आणि ती शेवटची तपासणी चालू आहे असं सांगत होती, जे अर्धं खरं होतं. दहाव्या दिवशी कृती द्यायला एकच दिवस उरला होता. सकाळी सकाळी फोन आला आणि शब्द नेहमीसारखे तीनच होते. ये. कुंडी वाजली.

कुठली कुंडी, ती तर आधीच वाजत होती, असा विचार करत ती पहिल्या गाडीने गेली. पडवीत कुंडी होती. झाड तेच, घंटी तीच, पण माती वेगळी. ताजा भुगा काढून टाकला होता. त्याजागी बोराएवढे लाल तुकडे होते, कडा धारदार, आणि मधे मधे ओळखीच्या जुन्या कपच्या, विरजणापुरत्या. तिने एक तुकडा उचलला. तो दगड नव्हता. एका बाजूला अर्धवट छाप होता, कारखान्यात बनलेल्या कौलांवर असतो तसा.

भाजलेली माती. छिद्रं आहेत, लोखंड आहे, पाण्यात विरघळत नाही. रुचिताने कपाळावर हात मारला. एकोणिसाव्या कुंडीत तिने विटांचा चुरा घालून पाहिला होता आणि महिन्यात त्याचा चिखल झाला म्हणून सोडून दिला होता. पक्क्या भाजलेल्या कौलाचा विचार तिच्या मनात आला नाही, आणि आला असता तरी विरजणाशिवाय तो वाजला नसता. छपरांवर पत्रे आल्यापासून कोकणात घरोघरी मागच्या अंगणात फुटक्या कौलांचे ढीग पडलेले होते. लाखो कुंड्यांना पुरतील इतके. एकाही सड्याला हात लावायला नको.

तिने मीटर लावला. आकडा दगडापेक्षा वर गेला. ती ओरडली आणि वडिलांच्या दोन्ही दंडांना धरून तिने त्यांना गदागदा हलवलं. वासुदेव एवढे मोठे, पण हलले.

मग तिला आठवलं की त्यांच्या घरावर तर स्लॅब आहे.

"बाबानू, कौलां खयची?" तिने विचारलं.

ते घरामागे चालू लागले आणि ती त्यांच्या मागून गेली. तिथे चिरे कापायच्या यंत्राची खोप होती. खाण बंद झाली तरी पाच वर्षं ते यंत्र त्या कौलांखाली जपून ठेवलेलं होतं. दर शनिवारी त्याला तेल, दर पावसाळ्याआधी कौलांची शाकारणी. सरकार कधी ना कधी परवानगी देईल, या आशेवर. खोपीवर आता एकही कौल नव्हतं. वासे मोकळे, खाली पाट्यावर कुटून काढलेल्या तुकड्यांच्या चार गोण्या नीट बांधून ठेवलेल्या, आणि यंत्र उघड्या आभाळाखाली. पात्यावर रात्रीच्या दवाने तांबूस डाग धरायला सुरुवात झाली होती.

पंचायतीकडून ताडपत्री आणू, यंत्रावर घालू, असं रुचिता म्हणाली.

वासुदेवांनी एक गोणी उचलून खांद्यावर घेतली आणि दुसरी तिच्याकडे सरकवली.

"नको," ते म्हणाले. "गंजांदे तेका. तू कृती लिवक घे, गाडी चुकात."